किंमत कोण मोजतो? कौटुंबिक मालिकांतील नैतिक गुंतागुंतीची पात्रे समजून घेताना

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारच्या वेळी एखाद्या गल्लीतून चालत गेले, तर उघड्या दारांमधून एकाच मालिकेचे संवाद घरामागून घर कानावर पडत जातात. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांना पडद्याकडे सतत पाहता येत नाही. पान कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे हे काम हातांना चालूच ठेवावे लागते आणि मालिका बरीचशी ऐकूनच समजून घ्यावी लागते. तरीही कोणत्या पात्राचे कुठे चुकले याविषयी तिथे जी चर्चा होते, ती अतिशय बारकाईची असते. "बायको म्हणून तिचं बरोबर हाय, पर आई म्हणून तिनं असं कराया नको होतं," अशा धाटणीचे वाक्य तिथे सहज बोलले जाते, आणि नैतिकदृष्ट्या गुंतागुंतीचे पात्र म्हणजे काय हे समजून घ्यायला या एका वाक्यापासून सुरुवात केली तरी पुरेसे आहे.

कुटुंबात माणूस एकच असतो, पण त्याची नाती अनेक असतात आणि प्रत्येक नात्याचे देणे निराळे असते. आईचा शब्द राखताना बायकोवर अन्याय होतो, धाकट्या भावाचे शिक्षण पुरे करताना स्वतःच्या मुलांची आबाळ होते, घराची अब्रू सांभाळताना घरातल्याच एखाद्या मुलीचे तोंड दाबले जाते. ज्या पात्राच्या एकाच कृतीने एक कर्तव्य पाळले जाते आणि त्याच कृतीने दुसरे मोडते, ते पात्र गुंतागुंतीचे होय. कौटुंबिक कथेला हा विषय इतका मानवतो याचे कारणही यातच आहे. कचेरीतला माणूस नोकरी सोडू शकतो, न पटणाऱ्या शेजाऱ्यापासून दूर राहायला जाता येते. पण मुलगा, बहीण, जाऊ, नणंद या पदांचा राजीनामा देता येत नाही, आणि ज्याच्यावर अन्याय केला त्याच्याच हातचे दुसऱ्या दिवशी जेवावे लागते.

याविषयी दोन समजुती फार रूढ आहेत आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. पहिली अशी की, थोडा चांगुलपणा आणि थोडा वाईटपणा एकत्र केला की पात्र गुंतागुंतीचे होते. कारस्थानी सासूला देवभक्त दाखवले किंवा भावाला लुबाडणाऱ्या माणसाला लहान मुलांशी प्रेमाने वागताना दाखवले, तर पात्राला दोन बाजू येतात खऱ्या, पण त्या बाजूंचा परस्परांशी काही संबंध नसतो. दुसरी समजूत अशी की, दुष्ट वागण्यामागे एखादे दुःखी बालपण जोडून दिले की काम भागते. भूतकाळातले दुःख माणूस असा का झाला हे सांगते; आज समोर दोन वाटा असताना त्याने हीच का निवडली, हे ते सांगत नाही. खरी गुंतागुंत तेव्हा दिसते, जेव्हा पात्राचा गुण आणि त्याचा अपराध एकाच मुळातून आलेले असतात, म्हणजे ज्या जबाबदारीच्या भावनेमुळे आपण त्याला मानतो, तीच भावना त्याला अन्यायाकडे घेऊन जाते.

आपल्या परंपरेत याचे फार मोठे उदाहरण कुंतीचे आहे. विवाहापूर्वी झालेल्या मुलाला तिने नदीत सोडले आणि पुढे कित्येक वर्षे ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्याने तिची स्वतःची आणि पुढे पाच पुत्रांच्या घराची प्रतिष्ठा राखली गेली. युद्ध तोंडावर आल्यावर ती कर्णाकडे गेली आणि तेव्हा कुठे तिने सत्य सांगितले. कर्णाने पक्ष बदलला नाही, परंतु अर्जुन सोडून इतर पांडवांना मारणार नाही, तुझे पाच पुत्र उरतीलच, असे वचन मात्र दिले. कुंतीला दुष्ट म्हणणे कोणालाही जमणार नाही आणि तिला निर्दोष ठरवणेही तितकेच अवघड आहे, कारण तिच्या मौनाची किंमत तिने स्वतः थोडी आणि कर्णाने आयुष्यभर मोजली. कोणत्याही पात्राकडे पाहताना मी हाच प्रश्न पहिला विचारतो: या निर्णयाची किंमत कोणी मोजली, आणि किंमत मोजणारा माणूस आपल्याला दाखवला आहे का? पात्राचा हेतू किती चांगला होता हा प्रश्न त्यानंतर येतो.

हे अधिक नीट कळावे म्हणून सोलापुरातलीच एक काल्पनिक मालिका मनाशी रचून पाहू. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत चादरी आणि टॉवेल विणणारा एक लहान कारखाना आहे. वडील अकाली गेल्यावर थोरल्या अण्णाने अकरावीतून शिक्षण सोडले आणि तो यंत्रमागावर उभा राहिला. त्याने धाकट्याला पुण्याला पाठवून इंजिनिअर केले, धाकटी बहीण सुमन हिचे लग्न कर्ज काढून थाटात लावून दिले, आईची औषधे कधी चुकू दिली नाहीत. पुढे सुताचे भाव चढले, मालाची मागणी घटली, कामगारांचे पगार थकू लागले आणि बँकेने साखर पेठेतले जुने घर तारण मागितले. ते घर वडिलोपार्जित असल्यामुळे त्यात सुमनचाही हिस्सा आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे तारण द्यायचे तर सुमनची संमती तरी हवी, नाहीतर तिचे हक्कसोडपत्र तरी हवे. अण्णा दुसरा मार्ग निवडतो, कारण संमती मागायची तर बहिणीच्या सासरी कर्जाची गोष्ट उघड होणार.

आता तो एक दिवस जवळून पाहू. बार्शीहून एसटीने आलेल्या सुमनला अण्णा स्वतः स्थानकावर घ्यायला जातो. घरी वहिनीने तिच्या आवडीचा स्वयंपाक केलेला आहे आणि कपाटातून एक नवी साडी काढून ठेवलेली आहे. जेवण झाल्यावर दोघे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जातात. तिथे ओळख पटवण्यासाठी कारखान्यातलीच दोन माणसे आधीपासून येऊन बसलेली आहेत. नाव पुकारल्यावर सुमन खुर्चीत बसते, समोरच्या लहान कॅमेऱ्याकडे बघायला सांगितल्यावर डोक्यावरचा पदर सारखा करते आणि अंगठा यंत्रावर ठेवण्याआधी विचारते, "अण्णा, हे नेमकं कशाचं आहे?" अण्णा म्हणतो, "घराचं आहे गं. बँकेला लागतंय. तुझं माहेर कुठं जातंय का?" ती अंगठा ठेवते. परतीच्या गाडीत तिला बसवताना अण्णा तिच्या हातात कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पिशवी देतो आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहतो.

या दिवसात अण्णाने केलेली एकही प्रेमाची गोष्ट खोटी नाही. साडी ही लाच नाही, कारण दर दिवाळीला तो साडी देतच आला आहे. गाडी हलेपर्यंत उभे राहणे हे नाटक नाही, कारण लग्न झाल्यापासून तो तसाच उभा राहत आला आहे. कर्ज मिळाल्यामुळे कामगारांचे थकलेले पगार दिले जातात आणि आई ज्या घरात लग्न होऊन आली त्याच घरात राहते. तरीही त्या दिवशी एका बहिणीला पुरती माहिती न देता तिचा हक्क काढून घेतला गेला, आणि तो काढून घेणे शक्य झाले ते तिच्या भावावरच्या विश्वासामुळेच. ज्या अण्णाने आयुष्यभर सर्वांसाठी निर्णय घेतले, त्याला सुमनचा निर्णय सुमनने घ्यायचा असतो ही गोष्ट सुचलीच नाही. त्याचा मोठेपणा आणि त्याचा अपराध एकाच सवयीतून आलेले आहेत, ते असे.

हाच प्रसंग पडद्यावर कसा दाखवला जातो, यावर अण्णा कोण ठरणार हे अवलंबून असते. चित्रपट-अभ्यासक मरे स्मिथ यांनी प्रेक्षक आणि पात्र यांच्या नात्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे पात्राला एक माणूस म्हणून ओळखणे. दुसरी म्हणजे त्याच्या सोबतीने कथेतून चालणे: कॅमेरा कोणाच्या खोलीत जातो, कोणाला ठाऊक असलेल्या गोष्टी आपल्याला ठाऊक होतात, रात्री झोप न लागलेले कोणाचे डोळे आपल्याला दिसतात. तिसरी पायरी म्हणजे त्याची बाजू योग्य वाटून त्याची पाठराखण करणे. दुसऱ्या पायरीवरून तिसरीवर आपण नकळत सरकतो, आणि बहुतेक मालिकांचे कसब आणि बहुतेक मालिकांची चलाखी या सरकण्यातच आहे. अण्णाच्या विवंचनेची पंचवीस दृश्ये आणि सुमनचे एक दृश्य दाखवले, तर एकही खोटे वाक्य न बोलता प्रेक्षकाला अण्णाचा वकील करता येते.

म्हणून प्रामाणिक मालिकेला काही महिन्यांनंतर बार्शीला जावेच लागेल. सुमनच्या नवऱ्याचे आजारपण निघाले आहे, पैसे हवे आहेत, आणि एका नातेवाईक बाईच्या बोलण्यातून तिला कळते की त्या दिवशी आपण नेमके काय सोडून दिले. इथे लेखकाने आणखी एक पाऊल पुढे जावे असे मला वाटते, कारण निव्वळ फसवली गेलेली आणि रडणारी बहीण हेही एक सपाट पात्रच आहे. सुमनला त्या खुर्चीत बसल्यावर थोडीशी शंका आली असेल, आणि हक्क मागणाऱ्या बहिणींना माहेरी पुढे कसे वागवले जाते हे शेजारपाजारच्या चार घरांतून पाहिलेले असल्यामुळे तिने ती शंका मुद्दामच पुढे विचारली नसेल. आता हीच सुमन स्वतःच्या मुलीला "मामाने आपल्याला किती दिलं" हेच सांगत राहिली, तर तिच्या मौनाची किंमत पुढच्या पिढीतली मुलगी मोजेल. माहेर टिकावे म्हणून हसत सही करून आलेल्या आणि त्याविषयी पुन्हा कधीही न बोललेल्या बायका आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात आहेत. मालिकांनी ज्या दालनात पाऊल टाकायला हवे ते हे आहे, विषप्रयोग आणि स्मृतिभ्रंश यांचे नव्हे.

अण्णासारखा सज्जन माणूस स्वतःच्या मनाशी हे सर्व कसे जुळवून घेतो, याचेही उत्तर मानसशास्त्राने दिलेले आहे. अल्बर्ट बँडुरा यांनी असे दाखवून दिले की, माणसे आपली नीतिमूल्ये बदलत नाहीत, तर ठरावीक प्रसंगापुरती ती बाजूला ठेवतात, आणि त्यासाठी त्यांच्याकडे काही ठरलेल्या युक्त्या असतात. कृतीला उदात्त हेतू जोडला जातो: हे मी घराण्यासाठी केले. तिला सौम्य नाव दिले जाते: हक्क काढून घेतला असे न म्हणता 'एक सही घेतली' असे म्हटले जाते. जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली जाते: बँकेनेच मागितले. तुलनेसाठी अधिक वाईट माणूस शोधला जातो: अमक्याने तर बहिणीला उंबऱ्याच्या आत घेतले नाही, मी निदान साडीचोळी करतो. आणि शेवटी दोष अन्याय झालेल्याच्याच पदरात टाकला जातो: तिला नको होते तर तिने तेव्हाच का नाही सांगितले? चांगल्या संवादलेखकाचे कान या वाक्यांना तयार असतात. पात्र स्वतःशी खोटे बोलत आहे हे ज्या मालिकेला माहीत असते ती पात्राची गुंतागुंत दाखवते. ज्या मालिकेला ते माहीत नसते ती पात्राच्या वतीने आपल्याशी खोटे बोलते.

प्रत्यक्षातल्या मालिकांमध्ये या दृष्टीने पाहण्यासारखी एक मालिका म्हणजे डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ या काळात चाललेली 'आई कुठे काय करते'. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर अरुंधतीला कळते की नवरा अनिरुद्धचे त्याच्या कार्यालयातल्या संजनाशी संबंध आहेत. अनिरुद्धचा गुन्हा उघड आहे, पण तो घर सोडून पळणारा माणूस नाही. मुलांवर त्याचे प्रेम आहे, आईवडिलांची जबाबदारी त्याला कळते, आणि ज्या बायकोला त्याने कमी लेखले ती स्वतःच्या पायावर उभी राहू लागल्यावर तिच्यावरचा हक्क सोडणे त्याला जमत नाही. मला मात्र या मालिकेत सर्वांत अभ्यासण्याजोगे पात्र सासूचे, म्हणजे कांचनचे वाटते. सासरे आप्पा सुनेच्या बाजूने उभे राहतात, पण कांचनला मुलाचा अपराध दिसत असूनही त्याच्याविरुद्ध उभे राहता येत नाही, कारण मुलगा चुकला हे मान्य केले की आपण त्याला कसे वाढवले हा प्रश्न तिच्याकडेच येतो. संजनाच्या बाबतीत काय झाले हेही पाहावे. एकाच नात्यात दोघे सहभागी होते, तरी प्रेक्षकांचा संताप बाईच्या वाट्याला अधिक सहजपणे जातो. गुंतागुंत समजून घेण्याची सवलत आपण पुरुष पात्रांना लवकर देतो आणि स्त्री पात्रांना हात आखडून देतो. यात लेखकांचा दोष आहे तसाच आपलाही आहे.

सोलापूरकरांना या संदर्भात शशिकला यांची आठवण व्हायला हवी. १९३२ साली सोलापुरात जन्मलेल्या आणि वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर कुटुंबासह मुंबईला गेलेल्या या अभिनेत्रीने हिंदी चित्रपटांत घर फोडणाऱ्या बायकांच्या भूमिका इतक्या जिवंत केल्या की 'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' (१९६३) या दोन्ही चित्रपटांसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. 'आरती'मधली त्यांची जाऊ घरात कलह लावणारी आहे. कागदावर अशी भूमिका एकरंगी असते. अभिनेत्री तिला नजर, चाल आणि बोलण्याच्या लयीतून एक स्वतःचे तर्कशास्त्र देते, आणि ही बाई जे करते आहे ते तिला स्वतःला अगदी रास्त वाटते आहे, हे आपल्याला पटते. लेखकाने अर्धवट सोडलेली गुंतागुंत नट पुरी करतो, असे पुष्कळदा घडते.

दैनंदिन मालिकेची एक अडचणही इथे समजून घेतली पाहिजे. नाटक दोन-अडीच तासांत संपते, त्यामुळे सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकासमोर पात्राचा आरंभ आणि शेवट एकाच लेखकाने एकाच वेळी विचार करून ठेवलेला असतो. मालिकेचे तसे नसते. 'चार दिवस सासूचे' ही २००१ साली सुरू झालेली मालिका तीन हजारांहून अधिक भाग चालली. इतक्या लांब प्रवासात कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे अशी कामाची वाटणी असते, माणसे बदलतात, आणि दर आठवड्याच्या टीआरपीप्रमाणे एखादा ट्रॅक लांबवला किंवा गुंडाळला जातो. त्यामुळे काल जीव लावणारी जाऊ आज अचानक कपटी होते आणि महिनाभराने पुन्हा प्रेमळ होते. याला गुंतागुंत म्हणत नाहीत, ही विसंगती आहे. फरक ओळखणे फारसे कठीण नाही: पात्राने नवे काही केले की मागे वळून पाहावे, आणि तिला पूर्वीपासून जे हवे होते किंवा ज्याची भीती वाटत होती, त्यातूनच हे आले आहे असे दिसत असेल, तर ती गुंतागुंत. काहीच धागा सापडत नसेल, तर तो आठवड्याचा हिशेब.

लांबीचा एक मोठा फायदाही आहे आणि तो दुर्लक्षिला जातो. वर्षानुवर्षे रोज भेटणाऱ्या पात्राबद्दल आपले मत हळूहळू, स्वयंपाक करता करता, घरातल्या माणसांशी वाद घालत बदलत जाते. सासू आणि सून एकाच खोलीत बसून एकच भाग पाहतात आणि दोघींचा निवाडा वेगळा असतो. प्रत्यक्ष घरातल्या माणसाविषयी जे बोलता येत नाही ते पडद्यावरच्या माणसाविषयी बोलता येते. या बोलण्याला मी फार महत्त्व देतो, आणि त्यासाठीच पात्रे नीट लिहिली जावीत असा माझा आग्रह आहे.

हा आग्रह सर्वांत जास्त मोडतो तो मालिकेच्या अखेरच्या आठवड्यात. मालिका बंद होणार हे ठरले की पात्रांचे हृदयपरिवर्तन सुरू होते. हात जोडले जातात, डोळे भरून येतात, कुटुंबाचा एक फोटो काढला जातो. आपल्या काल्पनिक मालिकेतही अण्णाने बार्शीला जाऊन माफी मागितली की सर्व संपले असे दाखवणे सोपे आहे. परंतु कागदावरची गोष्ट माफीने बदलत नाही. अण्णाला खरोखरच चूक दुरुस्त करायची असेल तर त्याला पुन्हा त्याच निबंधक कार्यालयात जाऊन सुमनच्या नावे बक्षीसपत्र करावे लागेल, धाकट्या इंजिनिअर भावाला त्यासाठी राजी करावे लागेल, आणि तोपर्यंत घरावर चढलेला बँकेचा बोजा मात्र तसाच राहील. म्हणजे बहिणीला हिस्सा परत मिळेल तो भावाच्या कर्जासकट. तो घ्यावा की नाकारावा याचा निर्णय सुमनने घ्यायचा आहे, या वेळी सर्व कागद वाचून, आणि तिने काहीही ठरवले तरी मालिकेने तिच्या मुलीला त्या खोलीत बसलेली दाखवावी.